शटल वेगळं, लाँग कॅरी वेगळी: तळ्याकाठच्या केबिनवर सामान नेताना होणारा घोळ

तळ्याकाठच्या केबिनवर सामान हलवायचं ठरलं आणि मूव्हर्सकडून कोटेशन आलं की खालच्या बाजूला दोन ओळी असतात, एक 'शटल' आणि एक 'लाँग कॅरी', आणि त्या दिसल्या रे दिसल्या की लोक फोन उचलून भांडायला लागतात की एकाच कामाचे दोनदा पैसे लावलेत. हे भांडण मी इतक्या वेळा ऐकलंय, पहिल्यांदा तर स्वतःच केलंय आणि तोंडावर पडलेय, त्यामुळे आता कुणी विचारलं की परत परत सांगण्यापेक्षा एकदाचं लिहूनच टाकते.

लाँग कॅरी तुम्हाला कळतेच. ट्रक जिथे उभा राहतो तिथून दारापर्यंत माणसं सामान उचलून चालत नेणार, आणि ते अंतर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरलं की त्याचे जादा पैसे. मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी, ती करारात बघून घ्या. पायऱ्या असतील तर त्या बहुतेक वेगळ्या मोजतात. झालं, यात समजायला अवघड काही नाही.

शटल म्हणजे मोठा ट्रक घरापर्यंत येऊच शकत नाही, तो अलीकडे कुठेतरी थांबतो, आणि सामान तिथे छोट्या गाडीत भरून खेपा मारत पुढे नेतात. हेही कळतं सगळ्यांना. पण मग लगेच पुढचं वाक्य येतं: 'अहो, ट्रक थांबणार तिथून घर फक्त ३०० मीटर आहे, ३०० मीटरचे एवढे पैसे?'

इथेच सगळा घोळ आहे. शटलचे पैसे ३०० मीटरचे नसतातच!

शटलमध्ये पैसे लागतात ते सामानाला आणखी एकदा हात लावण्याचे. एरवी तुमचं कपाट जुन्या घरातून उचलून ट्रकमध्ये चढतं आणि नव्या घरापाशी उतरतं, संपलं. शटल आलं की ते ट्रकमधून उतरतं, छोट्या गाडीत चढतं, बांधलं जातं, परत सुटतं आणि मग उतरतं, म्हणजे मध्ये एक अख्खं उतरव-भर घुसलं, आणि ते फक्त कपाटाचं नाही तर चमच्यांच्या खोक्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत प्रत्येक नगाचं. आकडे घालून बघू. समजा सामान ३० घनमीटर आहे आणि छोटी गाडी ६ घनमीटरची. कागदावर ५ खेपा होतात, पण खुर्च्यांचे पाय आणि टेबलांचे कोपरे एकमेकांत बसत नाहीत, शिवाय उघड्या गाडीत छातीएवढ्या उंचीच्या वर कुणी शहाणा माणूस रचत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ७ धरा. एका खेपेला भरायला २० मिनिटं, उतरवायला २०, आणि जायला-यायला-रिव्हर्स घ्यायला मिळून ५. म्हणजे ४५ मिनिटांतली ४० मिनिटं गाडी जागेवर उभी आहे. सात खेपांचे सव्वापाच तास. आता ३०० मीटरच्या जागी एक किलोमीटर करा, खेपेमागे सहाएक मिनिटं वाढतील, एकूण पाऊण तासाच्या आसपास. आणि अंतर तेवढंच ठेवून सामान ३० वरून २० घनमीटरवर आणा, तर दोन खेपा वाचल्या, दीड तास वाचला. म्हणून शटलच्या आकड्यावर अंतर दाखवून घासाघीस करण्यात काही अर्थ नाही, समोरचा माणूस ऐकून घेतो आणि मनात म्हणतो की यांना काही कळलेलं नाही.

लाँग कॅरीत नेमकं उलटं, तिथे अंतरच सगळं खातं. समजा १०० नग आहेत, त्यातल्या २० ना दोन माणसं लागतात, म्हणजे एकूण १२० फेऱ्या, माणसं ४, प्रत्येकाच्या वाट्याला ३० फेऱ्या. दार ट्रकपासून १० मीटरवर असेल तर प्रत्येक जण दिवसभरात ६०० मीटर चालला. दार १२० मीटरवर असेल तर ७ किलोमीटरच्या वर, त्यातलं निम्मं ओझं घेऊन आणि तळ्याकडे म्हणजे बहुतेक वेळा उताराने, ओल्या पानांवरून. दुपारनंतर तीच माणसं सकाळच्या निम्म्या वेगाने चालतात, कुणीही चालेल. इथे ट्रक ६० मीटर पुढे आणता आला, एखादी फांदी छाटून म्हणा किंवा शेजाऱ्याच्या अंगणात उभा करायची परवानगी मागून म्हणा, की चालणं सरळ अर्ध्यावर आलं. तेच शटलच्या बाबतीत फांदी छाटून ट्रक ६० मीटर पुढे आला आणि तरीही दारापासून लांबच राहिला तर उतरव-भर तेवढीच राहते, एक रुपयाही कमी होणार नाही.

दुसरं एक डोक्यात घट्ट बसलेलं असतं, की शटल घेतलं म्हणजे चालणं संपलं. नाही हो. छोटी गाडीसुद्धा कुठेतरी थांबतेच, आणि तिच्या मागच्या फळीपासून तुमच्या दारापर्यंत मर्यादेपेक्षा जास्त अंतर असेल तर लाँग कॅरी लागणारच, शटलच्या वर. केबिन पाण्याला लागून असली की पायवाटेचा शेवटचा तुकडा कुठलीच गाडी जात नाही असा असतो, त्यामुळे दोन्ही ओळी एकाच कोटेशनमध्ये दिसणं ही फसवणूक नाही, उलट त्या माणसाने जागा नीट समजून घेतली आहे याचं लक्षण आहे. मला तर एकच ओळ असलेल्या कोटेशनची जास्त भीती वाटते, कारण दुसरी ओळ ऐन दिवशी ट्रकपाशी उभं राहून तोंडी सांगितली जाते, आणि तेव्हा तुमचं सगळं सामान त्यांच्या ट्रकमध्ये असतं.

शटल लागणार की नाही हे ठरतं रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट एका जागेवरून. बाकीचा रस्ता गुळगुळीत असला तरी काही उपयोग नाही. आणि इथे माझा सगळ्यात नावडता डायलॉग येतो, 'आमची कार जाते की तिथपर्यंत'. जाणारच. कार दीड टनाच्या आसपास असते, उंची दीड मीटर, आणि ती अंगणात गोल फिरवून परत निघते. घरसामानाचा ट्रक साडेतीन मीटर किंवा त्याहून उंच, भरलेला असला की सात-आठ टन सहज, आणि वळायला त्याला कितीतरी मोठी जागा लागते. लाकडी पुलावर वजनाची पाटी असेल तर त्यावरचा आकडा साधारणपणे गाडीसकट एकूण वजनाचा असतो, लोक तो नुसत्या सामानाचा समजून 'आमचं सामान दोन टनसुद्धा नाही' म्हणतात. वर आडव्या आलेल्या फांद्या कारमधून दिसतच नाहीत. आणि शेवटी ट्रक वळवायला जागा नसेल तर त्याला तेवढा सगळा रस्ता रिव्हर्समध्ये यावं लागतं, जे बरेच ड्रायव्हर करत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. तळ्याजवळची जमीन वरून कोरडी दिसली तरी खाली ओली असू शकते. कार त्यावरून जाते, ट्रकची मागची चाकं रुततात, आणि मग सामान राहिलं बाजूला, आधी ट्रक बाहेर काढायचा कार्यक्रम.

त्यामुळे सर्व्हेच्या वेळी मूव्हर्सना काय दाखवायचं ते तरी नीट दाखवा ना. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर केबिनचा फोटो पाठवतात, डेकवरून दिसणाऱ्या सूर्यास्ताचा पाठवतात, फारच झालं तर मॅपवरची पिन. सूर्यास्त कुणी उचलून नेणार नाहीये. मुख्य रस्ता सोडल्यापासून दारापर्यंत मोबाइल हातात धरून एक सलग व्हिडिओ काढा, मध्ये कॅमेरा वर करून फांद्या दाखवा, वळणावर थांबा, पुलाची पाटी वाचता येईल अशी दाखवा, आणि शेवटची पायवाट चालत चालत पावलं मोजा. 'थोडंसं चालावं लागतं' हे वाक्य कायमचं बंद करा, थोडंसं म्हणजे किती ते मीटरमध्ये लिहून पाठवा.

पॅकिंगमध्येही फरक पडतो आणि तो कुणी सांगत नाही. लाँग कॅरी असेल तर खोकी हलकी भरा, १५ किलोच्या आत, पुस्तकं लहान खोक्यात, कारण २५ किलोचं खोकं १० मीटर नेणं आणि १२० मीटर नेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शटल असेल तर खोकी मजबूत हवीत, वजन थोडं जास्त चालेल पण तळाला दुहेरी टेप आणि आत काही हलायला नको, कारण त्यांची आदळआपट वाढणार आहे. आणि विचारून घ्या की हातगाडी कसली आणणार. चार छोट्या चाकांची डॉली फरशीवर मस्त पळते आणि खडीत पहिल्याच मीटरला रुतून बसते. हवा भरलेल्या मोठ्या चाकांची गाडी पाहिजे, नाहीतर प्लायवुडचे चार-पाच तुकडे, जे पुढे पुढे टाकत त्यावरून डॉली नेता येते. मी असे तुकडे स्वतःच नेऊन ठेवते, कुणावर विसंबत नाही.

आता माझं ठाम मत, पटलं तर घ्या. सामान मध्यम असेल तर शटल घेऊच नका आणि मोठा ट्रकही घेऊ नका. पहिल्यापासून दोन छोट्या गाड्या जुन्या घरापासून थेट केबिनपर्यंत आणा, किंवा एकाच गाडीच्या दोन फेऱ्या. ड्रायव्हिंग वाढतं, हे खरं, आणि प्रवास फार लांबचा असेल तर हे परवडत नाही. पण जवळच्या अंतरासाठी मधली उतरव-भर पूर्ण गायब होते, आणि सामान सगळ्यात जास्त फुटतं, हरवतं, भिजतं ते त्या मधल्या थांब्यावरच. कंपन्या हे स्वतःहून सुचवतील असं नाही, त्यांच्याकडे त्या दिवशी मोठा ट्रक रिकामा असतो. तुम्ही विचारा.

बोटीने सामान न्यायचं असेल तर तेही शटलच आहे, हे सुद्धा लिहून ठेवते, कारण 'गाडीच नाही तर शटल कसलं' असं विचारणारे भेटलेत. ट्रकमधून उतरव, बोटीत भर, बोटीतून उतरव, हिशोब तोच, वर तरंगता धक्का फ्रीज ठेवला की एका बाजूला कलतो ते वेगळं. आणि धरणाच्या पाण्याचं तळं असेल तर पाण्याची पातळी वर्षभर सारखी नसते. सर्व्हेच्या वेळी धक्क्यापासून दार २० मीटर होतं आणि सामान नेईपर्यंत पाणी मागे सरकून मध्ये चिखलाचा पट्टा आला, की शटलच्या वर लाँग कॅरीही लागली.

शटल टाळता येणारच नसेल तर सगळं लक्ष त्या मधल्या थांब्यावर ठेवा. ती जागा कुणाची आहे, तिथे ट्रक तासन् तास उभा चालेल का, खाली ताडपत्री आहे का, पाऊस आला तर काय, हे आधी विचारा. छोटी गाडी कंपनीचीच घ्या. मित्राची पिकअप आणून पैसे वाचवायचा मोह होतो, पण सामान तुमच्या गाडीत चढलं की पुढे ओरखडा कुठे पडला यावर कंपनी हात वर करायला मोकळी. इन्शुरन्स काढला असेल तर मधली अदलाबदल आणि उघड्यावर ठेवलेलं सामान त्यात धरलंय का ते लेखी घ्या. आणि नगांची यादी दोनदा टिक करा, एकदा ट्रकमधून उतरताना आणि एकदा दारात.

आम्ही एकदाच केली, दारात, तीही संध्याकाळी सातला टॉर्चच्या उजेडात. नग सगळे बरोबर भरले. रात्री पलंग जोडायला घेतला तेव्हा लक्षात आलं की बोल्टची पिशवी नाही, कारण ती यादीत नग म्हणून धरलीच नव्हती, ड्रायव्हरने हरवू नये म्हणून पुढे ट्रकच्या केबिनमध्ये काचेपाशी ठेवली होती, आणि मोठा ट्रक दोन तासांपूर्वीच निघून गेला होता. पिशवी यायला चार दिवस लागले, तोवर गादी जमिनीवर आणि पलंगाच्या फळ्या भिंतीला टेकवून. आता मी बोल्ट एका जाड पिशवीत घालून पलंगाच्या आडव्या फळीलाच टेप गुंडाळून चिकटवते, आणि टेपवर मार्करने लिहिते 'काढू नका'.