दोन वर्षांची रेघ आणि सात मिलिमीटर

राष्ट्रीय पाहणीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने फार कमी उंचीच्या, मुलांचे प्रमाण २०१५-१६ साली २०.१ टक्के होते. २०१९-२० मध्ये ते २५.८ टक्के झाले. असा आकडा आला की बोलणे आहारावर जाते, उंचीच्या मोजणीवर क्वचितच येते. मोजणी ढिली असेल तर चुका दोन्ही बाजूंना होऊनही टोकाकडची मुले वाढतात आणि खुजेपणा फुगलेला दिसतो. गोव्यातली वाढ त्यातलीच, असे यावरून म्हणता येणार नाही. पण प्रश्न विचारायला हवा.

उंचीच्या नोंदी तशा जुन्या आहेत. अठराव्या शतकात एका फ्रेंच गृहस्थाने आपल्या मुलाची उंची अठरा वर्षे टिपली. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत धरून डोके ठेवायचे, हे १८८४ साली फ्रँकफुर्टला ठरले. आपल्या अंगणवाड्यांत मात्र १९७५ पासून कितीतरी वर्षे राज्य केले ते वजनकाट्याने. उंचीची फळी सर्रास आली ती २०१८ नंतरच्या पोषण मोहिमेतून.

खरा घोळ दोन वर्षांच्या रेघेवर आहे. त्याखालच्या मुलाला आडवे मोजायचे, वरच्याला उभे. मुलांच्या वाढीचे १९७७ चे अमेरिकी तक्ते दोन वेगळ्या गटांवरून बेतलेले होते. लहानग्यांची मापे ओहायोतल्या एका छोट्या अभ्यासातली, मोठ्यांची देशभरच्या पाहण्यांतली. दोन्हींचा सांधा जुळला नाही आणि दोन वर्षे ओलांडताच मुले कागदावर एकदम सुधारल्यासारखी दिसू लागली. हेच तक्ते जगभर वापरले गेले. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे नवे निकष ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांवरून आले. त्यात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना दोन्ही तऱ्हांनी मोजले. आडवे माप सरासरी ०.७३ सेंटिमीटर जास्त भरले, ते ०.७ धरले गेले.

एवढ्याशा फरकाने काय होते? नेमक्या दोन वर्षांच्या मुलग्याची खुजेपणाची सीमा उभ्याने ८१.० सेंटिमीटर, आडव्याने ८१.७. उभ्याने ८०.५ भरणारा मुलगा खुजा ठरतो. त्यालाच आडवे घालून आलेले ८१.२ उभ्याच्या रकान्यात लिहिले, की तो सुटला.

वय माहीत नसेल तर ८५ सेंटिमीटरवर रेघ मारायची, अशी जुनी सोय होती. नव्या निकषांत ती ८७ वर गेली. गोव्यात या पळवाटेची गरजच नव्हती असे माझे मत. जन्मनोंदणीची शिस्त इथे पोर्तुगीज काळापासूनची, पेडणे-सत्तरीतल्या आईकडेही दाखला सापडतो. अडचण वेगळीच आहे. दीड वर्षाचे मूल फळीवर आडवे राहत नाही. एकाने डोके वरच्या फळीला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे दाबून सरकती पट्टी तळव्यांना लावायची, आणि एक पाय तरी सुटतोच. शेवटी त्याला उभे करतात. नियम त्यालाही मुभा देतो, फक्त आलेल्या मापात ०.७ मिळवायचे असतात. ते मिळवले की नाही, हे नुसत्या आकड्यावरून नंतर ओळखता येत नाही.