फ्युजिबल लिंक जळली की तिथे साधी वायर चालत नाही

जुन्या गाडीत बॅटरीच्या प्लसपासून किंवा स्टार्टरच्या सोलेनॉइडपासून निघणारी फ्युजिबल लिंक, म्हणजे फ्यूजचं काम करणारा वायरचा वीतभर तुकडा, जळाली की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "डायरेक्ट करून देतो." मग दिसायला तेवढीच जाड वायर जोडली जाते, गाडी चालू होते आणि सगळे खूश. त्या 'डायरेक्ट'चा मला मनापासून राग आहे.

साधी वायर सगळ्यांना माहीत आहे. ती तापू नये, वितळू नये म्हणून निवडतात. लिंक वेळ आली की वितळावी म्हणूनच बसवलेली असते. रंग, लग (टोकाची धातूची कडी), लेबल यांतले फरक किरकोळ, सोडून द्या.

खरा घोळ जाडीचा. लिंकचं आवरण मुद्दाम जाड आणि सहज न पेटणारं असतं. आतलं तांबं वितळलं तरी ते फुगतं, पण वितळलेलं तांबं बाहेर पडू देत नाही. त्यामुळे बाहेरून लिंक पुढच्या लाइनइतकीच, म्हणजे ती जिला वाचवते त्या वायरइतकीच, जाड वाटते. आतलं तांबं मात्र बारीक. प्रचलित नियम चार गेजचा (गेज म्हणजे तांब्याच्या जाडीचं माप): लाइन 10 गेजची असेल तर लिंक 14 ची. (गेजचा आकडा वाढला की तांबं कमी होतं. हे उलटं धरणारेही भेटतात.) स्क्वेअर एमएममध्ये सांगायचं तर साधारण पाचच्या लाइनला दोनची लिंक. बाहेरची जाडी बघून वायर निवडली की दोनच्या जागी पाचचं तांबं बसतं. उद्या शॉर्ट झाला तर हा तुकडा शाबूत राहील आणि डॅशबोर्डमागचं वायरिंग जळेल.

यावर काही हुशार लोक मोजून दोनचीच साधी वायर टाकतात. तांबं बरोबर, आवरण चुकलं. साधं पीव्हीसी तापलं की मऊ होतं, धूर सोडतं, पेटतं आणि शेजारच्या वायरींनाही घेऊन जातं. म्हणून लिंकच्या जागी लिंकच हवी, तीही मूळ मापाची.

आवरण फुगलेलं, फोड आलेले दिसले तर लिंक गेली. काही दिसत नसेल तर बॅटरी काढून दोन्ही टोकं हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं तुटलंय. शंका असेल तर मल्टिमीटर आहेच.

दुरुस्तीच्या आधी शॉर्ट शोधा, नाहीतर नवी लिंकही जाईल. बॅटरीचा मायनस काढा, जळका तुकडा चांगलं तांबं लागेपर्यंत कापा. नवी लिंक नऊ इंचांहून लांब नको, लांबलेली लिंक पुरेसं संरक्षण देत नाही. जोड क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून बसवा), रोझिनवाल्या सोल्डरने भरा, वर हीटश्रिंक स्लीव्ह चढवा. अ‍ॅसिडचा फ्लक्स वापरू नका, तो तांबं खातो. पीळ देऊन टेप गुंडाळणाऱ्याला मी माझ्या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडू देणार नाही. आणि उरलेली लांबी गुंडाळी करून हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) कोंबू नका.

लिंक मिळतच नसेल तर? नेहमीचा ब्लेड फ्यूज नको. लिंक क्षणभराचा झटका सोसते, ब्लेड फ्यूज पटकन उडतो, मग कुणीतरी वैतागून दुप्पट अँपिअरचा लावतो. त्यापेक्षा झाकणवाल्या होल्डरमध्ये स्लो-ब्लो, म्हणजे क्षणभराच्या झटक्याने न उडणारा, कार्ट्रिज फ्यूज बसवा. त्याचं अँपिअर पुढची सगळ्यात बारीक लाइन किती सोसते ते बघून ठरवा आणि होल्डर बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका बसवा.