टेकडी, टेकडी आणि परत टेकडी

इंग्लंडच्या साधारण मध्यावर लेस्टरशायर नावाची काउंटी आहे आणि तिच्या वायव्य टोकाला ब्रीडन ऑन द हिल नावाचं छोटंसं गाव. घरं सगळी पायथ्याशी, चर्च मात्र एकटंच वर माथ्यावर. आजूबाजूची जमीन मऊ चिखलदगडाची, ती झिजत गेली, आणि मधला कठीण चुनखडक तेवढा उभा राहिला, म्हणून ही टेकडी लांबूनही लगेच नजरेत भरते.

आता नाव बघा. 'ब्री' हा इंग्रज लोक यायच्या आधी ब्रिटनमध्ये जी केल्टिक भाषा बोलायचे तिच्यातला शब्द, अर्थ टेकडी. वेल्श भाषेत तो 'ब्रे' म्हणून अजून शिल्लक आहे. 'डन' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'डून', त्याचाही अर्थ टेकडीच! आणि नंतर कधीतरी 'ऑन द हिल' जोडलं गेलं. आपण पावरोटी म्हणतो, त्यात पाव पोर्तुगीजांचा आणि रोटी आपली, तसंच हे, फक्त इथे तीन थर आहेत.

हे झालं कसं? पाचव्या-सहाव्या शतकात अँग्लो-सॅक्सन लोक, म्हणजे इंग्रजांचे पूर्वज, समुद्रापलीकडून येऊन इथे वसायला लागले, तेव्हा इथले लोक या उंचवट्याला नुसतं 'ब्रे' म्हणत असणार, नव्या लोकांना ते विशेषनाम वाटलं आणि त्यांनी पुढे आपला 'डून' लावला. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ओसाड गावात कोणी कोणाला नाव सांगत नाही. हे नाव टिकलं याचा अर्थ जुने आणि नवे लोक काही काळ तरी एकमेकांच्या शेजारी राहिले, बोलले. त्या काळातली लेखी कागदपत्रं जवळपास नाहीतच, त्यामुळे गावाचं नाव हाच इथे पुरावा होतो.

पण नुसतं आजचं स्पेलिंग बघून अर्थ लावला तर हमखास फसायला होतं. म्हणून अभ्यासक आधी सगळ्यात जुनी नोंद शोधतात, मग त्या काळात उच्चार कसे बदलत गेले ते तपासतात आणि शेवटी प्रत्यक्ष जमिनीशी ताडून बघतात. बकिंगहॅमशायरमधलं ब्रिल गाव घ्या, अकराव्या शतकातल्या एका नोंदीत ते 'ब्रुहेला' असं लिहिलंय, म्हणजे परत तेच, ब्रे अधिक हिल, आणि गाव खरंच टेकडीवर आहे. एव्हन नदीचंही तेच, केल्टिकमध्ये त्या शब्दाचा अर्थच नदी. अशी केल्टिक नावं पूर्व इंग्लंडमध्ये विरळ आणि पश्चिमेकडे जाल तशी दाट होत जातात.

ब्रीडनची जुनी नोंद तर फारच भारी आहे. बीड नावाच्या भिक्षूने 731 साली संपवलेल्या आपल्या इतिहासात लिहिलंय की 'ब्रिउडुन' नावाच्या मठातला टॅटविन कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडमधला सर्वोच्च धर्मगुरू, झाला. हा टॅटविन लॅटिनमध्ये कोडी रचायचा, त्याची चाळीस कोडी आजही आहेत. त्यातलं एक लेखणीचं. पूर्वी मी आकाशात उंच उडायचो, आता शत्रूने पकडून सपाट शेतं नांगरायला लावलंय आणि सतत डोळ्यातून पाणी गळतंय. पिसाची लेखणी, शाई आणि चामड्याचं पान, सगळं आलं की नाही! त्या मठाच्या काळातले कोरीव दगडी पट्टे आत्ताच्या चर्चच्या भिंतीत बसवलेले आहेत, वेली, पक्षी, प्राणी, आणि आशीर्वाद देणारा एक देवदूतसुद्धा.

मठाच्याही कितीतरी शतकं आधी, लोहयुगात, माथ्यावर तटबंदी होती, तिला 'द बुलवर्क्स' म्हणतात. 1946 मध्ये पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी तिथे उत्खनन केलं, ह्याच बाई पुढे पॅलेस्टाईनमधल्या जेरिको या प्राचीन शहराच्या उत्खननामुळे जगभर गाजल्या. दुर्दैवाने त्या तटबंदीचा बराचसा भाग आता उरलेला नाही कारण टेकडीची पूर्वेकडची बाजू दगडाच्या खाणीने खाल्ली आहे, चर्चच्या मागे थोडं गेलं की जमीन संपते आणि खाली प्रचंड खड्डा दिसतो. दगड लागतो हे मान्य, पण ज्या टेकडीचं नाव लोकांनी तीनदा ठेवलं तीच अर्धी नाहीशी व्हावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'ब्रीडन ग्रॅव्हल' नावाची सोनेरी खडी मात्र ब्रिटनभर बागांच्या पायवाटांवर अंथरलेली असते.