शेजाऱ्याला ऐकू न जाणारं वाद्य

व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या, पृथ्वीवरचं संगीत भरलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई ‘जात कहाँ हो’ म्हणत सूर्यमालेबाहेर गेल्या, हे सांगताना आपली छाती जरा फुगतेही. पण त्यांच्या लगेच आधी तबकडीवर काय वाजतं, हे पाहायचं मला कित्येक वर्षं सुचलं नव्हतं. तिथे एक चिनी तंतुवाद्य आहे, गुछिन. वादक ग्वान पिंगहू, रचना ‘ल्यू श्वेई’ म्हणजे वाहतं पाणी, वेळ ७ मिनिटं ३७ सेकंद. तबकडीवरच्या २७ रचनांमध्ये ही सर्वांत लांब. एकदा भैरवीच्या नादात मागे सरकलो, ते ऐकलं आणि भैरवी त्या दिवशी राहूनच गेली.

पुढे नोकरीनिमित्त दोन वर्षं चीनमधल्या सूझोऊला राहायचा योग आला, तेव्हा हे वाद्य समोर बसून ऐकलं. चहाच्या एका लहानशा खोलीत, माझ्यापासून आठ-दहा फुटांवर एक बाई वाजवत होत्या. कोपऱ्यातल्या किटलीला उकळी फुटली आणि वाद्य ऐकू येईनासं झालं. वाजवणाऱ्या बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी डोळे मिटलेलेच होते, बोटं चालूच होती. मला मात्र प्रश्न पडला की अडीच हजार वर्षं टिकलेलं वाद्य इतक्या हळू आवाजाचं कसं काय राहिलं? अडीच हजार हा आकडा अंदाजपंचे नाही. हूपेई प्रांतात १९७८ मध्ये उत्खनन झालेल्या, इसवी सनापूर्वी ४३३च्या सुमाराच्या एका सरदाराच्या थडग्यात या घराण्यातलं दहा तारांचं वाद्य सापडलं आहे. आजच्या गुछिनला सात तारा असतात.

दिसायला हे अगदी साधं. सुमारे सव्वाशे सेंटिमीटर लांब आणि वीसेक सेंटिमीटर रुंद अशी लाकडाची काळी पेटी, तिच्या लांबीभर ताणलेल्या तारा. पडदे नाहीत, भोपळा नाही, मधे उभी घोडी नाही. आपल्या विचित्र वीणेलाही पडदे नसतात, तिथे काचेचा गोळा तारेवरून फिरतो. इथे डाव्या हाताचा अंगठा आणि अनामिका ते काम करतात. उजव्या हाताला नखी नाही, स्वतःचं नख आणि बोटाचं मांस एवढीच सामग्री. करंगळीला मात्र या वाद्यात मज्जाव आहे.

आता आवाज हळू का, ते पाहू. तार बारीक असते. ती हलली तरी हवा तिच्या दोन्ही बाजूंनी सरकून जाते आणि आवाज म्हणावा असा होतच नाही. तारेची थरथर लाकडाच्या मोठ्या पृष्ठभागाला द्यावी लागते, म्हणजे तो हवा ढकलतो. सतारीची तबली त्यासाठीच पातळ ठेवतात. गुछिनची वरची फळी त्या मानाने चांगली जाड असते, वर झाडाच्या चिकाचे थरावर थर. त्यात सर्वांत खालची तार साधारण ६५ हर्ट्झची, म्हणजे तिच्या ध्वनिलहरीची लांबी सव्वापाच मीटर. वीतभर रुंदीच्या फळीने सव्वापाच मीटरची लहर हवेत सोडायची, म्हणजे चमच्याने विहीर उपसण्यातला प्रकार. फळी वर सरकली की वरची हवा दाबली जाते आणि खालची विरळ होते. मग दाबलेली हवा कडेवरून वळसा घालून खाली जाते आणि दोन्हींचा हिशेब मिटतो. उंच स्वरांच्या लहरी आखूड, त्यांना एवढी सवड मिळत नाही. म्हणून पहिल्या तारेचा मूळ स्वर आपल्या कानापर्यंत फारसा पोचतच नाही. पोचतात ते तिचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर, आणि त्यांच्यातलं अंतर मोजून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर ढोलाचा घुमारा ‘ऐकू’ येतो, त्यामागेही बऱ्याच अंशी हीच युक्ती.

शिवाय आवाज बाहेर पडण्याची भोकं पेटीच्या तळाला आहेत. त्यांची नावं मोठी ऐटबाज, ‘ड्रॅगनचं तळं’ आणि ‘फिनिक्सचं डबकं’. ऐट कितीही असली तरी आवाज टेबलावर आपटतो आणि तिथून जमेल तसा वर येतो. हे वाद्य सभेसाठी नव्हतंच. विद्वानाने आपल्या खोलीत स्वतःसाठी वाजवायचं, फार तर एका मित्रासाठी. सूझोऊजवळच्या छांगशू गावातल्या परंपरेने सोळाव्या-सतराव्या शतकात जे आदर्श सांगितले, त्यांचा अर्थ स्वच्छ, सूक्ष्म, फिकं आणि दूरचं असा होतो. यात मोठ्याने वाजवा असं कुठे बसवणार?

माझं पहिलं गुछिन मी फोनवर चित्र पाहून मागवलं. करू नये ती गोष्ट केली. तार मोकळी छेडली की छान वाजे, पण दाबून छेडली की सळसळ ऐकू येई, कोरड्या पानांवरून कुणी चालावं तशी. इथे आपला कान फसतो, कारण ती सळसळ मला सुरुवातीला गोडच वाटली होती. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीला मुद्दाम बारीक गोलाई देतात, वर दोरा सरकवतात, तार त्या गोलाईला हलकेच घासत राहते आणि जवारी बोलते. आपण ज्याला तारेचा जीव म्हणतो, तो भौतिकीच्या नजरेने तारेने लाकडाला वारंवार केलेला स्पर्शच असतो. गुछिनमध्ये हाच स्पर्श दोष ठरतो. तिथे तार आणि लाकूड यांच्यामध्ये काहीही बोलता कामा नये.

म्हणून गुछिन विकत घेताना आधी डोळे जमिनीला समांतर आणून तारांखालची फट पाहावी. कारागिरांचं एक वचन आहे, पुढे एक बोट, मागे एक कागद. तारा ज्यावर टेकतात त्या उजवीकडच्या उंच कण्याजवळ तारेखाली बोट मावावं आणि डाव्या टोकाला जेमतेम कागद. मागे फट जास्त असली की तासाभरात अंगठ्याची सालटी निघतात. कमी असली की सळसळ. शिवाय वरची फळी अगदी सपाट असूनही चालत नाही. दाबलेल्या जागेपासून कण्यापर्यंत जी तार मोकळी राहते, ती आपल्या मध्यभागी सर्वांत जास्त हलते. तिला हलायला जागा हवी म्हणून फळीला डोळ्याला न दिसणारा खोलगटपणा ठेवतात. लाकूड जरा वाकलं की हा हिशेब बिघडतो. दुकानात बसून सातही तारा इंचाइंचावर दाबून छेडायच्या, दुकानदार कंटाळला तरी. मोकळ्या तारा छेडून खूश होणं म्हणजे बंद गाडीत बसून हॉर्न वाजवून पाहण्यासारखं.

दुसरं वाद्य मी एका कारागिराकडे जाऊन घेतलं. वरची फळी पाउलोनियाच्या लाकडाची. हे इतकं हलकं की त्याची घनता पाण्याच्या एक तृतीयांशाहून कमी भरते. जुन्या देवळांचे आणि वाड्यांचे खांब मोडून निघालेलं लाकूड इथे सोन्यासारखं जपतात. त्यात निव्वळ भाविकपणा नाही. शतकानुशतकं पडून राहिलेल्या लाकडातला हेमिसेल्युलोज हा घटक हळूहळू झिजतो आणि ते हवेतला ओलावा कमी शोषतं. मग वाकणंही कमी.

वरचा काळा लेप म्हणजे लाख नव्हे. आपली लाख किड्याची, हा झाडाचा चीक. त्यात हरणाच्या शिंगाची पूड कालवून लावतात. गंमत अशी की तो सुकायला उन्हात ठेवत नाहीत, दमट खोलीत ठेवतात. चिकातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने रेणूंची साखळी जोडतं आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. कारागिराच्या मनगटावर जुने डाग होते. मी विचारलं तर म्हणाला, शिकताना सगळ्यांनाच होतं. मला लगेच आजीच्या बटव्यातला बिब्बा आठवला. बिब्बा, काजू, आंबा आणि हे चिनी झाड एकाच कुळातले. बिब्बा उततो तसाच हा चीकही उततो, कातडीची चिडचिड करणारी रसायनंही जवळच्या नात्यातली. पूर्ण सुकल्यावर मात्र लेप निरुपद्रवी होतो. शे-दोनशे वर्षांनी त्याला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांच्या नक्षीला सापाचं पोट, गाईचे केस, प्लमचं फूल अशी नावं देऊन जाणकार वाद्याचं वय जोखतात. २०१० मध्ये बीजिंगच्या लिलावात सोंग सम्राट ह्वीझोंगच्या नावाशी जोडलेलं एक गुछिन १३ कोटी ६६ लाख युआनला गेलं. माझ्या वाद्यावर नक्षी नाही. ती असलेलं ‘जुनं’ वाद्य कुणी स्वस्तात देऊ लागला तर नमस्कार करून बाहेर पडावं.

फळीच्या कडेने शिंपल्याचे तेरा ठिपके जडवलेले असतात, त्यांना हुई म्हणतात. मला आधी वाटलं, या पडद्यांच्या खुणा असाव्यात. पण त्यांच्यामधली अंतरं सप्तकाला धरून नाहीत. सातवा ठिपका तारेच्या बरोबर मध्यावर, त्याच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे सहा-सहा. कण्यापासून मोजलं तर तारेचा आठवा, सहावा, पाचवा, चौथा, तिसरा भाग, मग दोन पंचमांश, आणि मध्य. ही सगळी तारेच्या हार्मोनिक स्वरांची ठाणी आहेत. छेडलेली तार एकाच वेळी अनेक परींनी हलत असते, सबंध एक, दोन तुकड्यांत, तीन तुकड्यांत. तिसऱ्या भागावर बोट नुसतं टेकवलं, दाबलं नाही, की तिथे हलणाऱ्या सगळ्या परी गप्प होतात. तिथे मुळातच स्थिर असणारी तीन तुकड्यांची परी आणि तिच्या पटीतल्या परी तेवढ्या उरतात. काचेसारखा, कुठून आला ते न कळणारा स्वर. पाचने भागलेल्या चार ठिपक्यांवर, म्हणजे तिसऱ्या, सहाव्या, आठव्या आणि अकराव्या हुईवर, एकच स्वर मिळतो. हे स्वतःच्या बोटाने पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मी चारही ठिकाणी दहा-दहा वेळा छेडून पाहिलं.

आणि या मांडणीत सातने भागलेलं ठिकाण एकही नाही. सहाने आहे, आठने आहे. सातव्या भागावर बोट टेकवलं तर जो स्वर येतो, तो आपल्या कोमल निषादापेक्षा चांगलाच उतरलेला लागतो, रागदारीच्या कानाला खुपेल इतका. चिनी पंचस्वरी संगीतातही त्याला जागा नाही. ठिपके जडवणाऱ्यांनी भौतिकीने देऊ केलेलं सगळंच उचललं नाही.

तारा लावण्याची रीत आपल्या माणसाला चटकन कळते. नेहमीच्या लागणीत तिसरी तार सा धरली तर सात तारा प ध सा रे ग प ध अशा येतात, म्हणजे भूपाचे स्वर. पहिल्याच तारेला सा म्हटलं तर सा रे म प ध, दुर्गा तयार. आमच्याकडे येणारे गाणारे पाहुणे हे कळल्यावर पाचव्या मिनिटाला भूप गायला लागतात आणि वाद्य बुडतं.

खुंटी मात्र तार गुंडाळत नाही. तार एका रेशमी दोरीच्या फाशात अडकवलेली असते आणि खुंटी ती दोरी पिळते. लहानपणी बटणाची भिंगरी केली असेल तर आठवेल, दोरा पिळला की आखूड होतो. तेवढ्या आखूड होण्यानेच तार ताणली जाते. ही सोय बारीक फरकापुरती. जास्त फरक असेल तर वाद्य उलटं करून, तळाच्या दोन पायांना गुंडाळलेली तार सोडून पुन्हा ओढून बांधावी लागते. त्यात पहिल्यांदा माझे दोन तास आणि एक तार गेली.

सुरुवातीला मी फोनवरच्या ट्यूनरने तारा लावायचो. मग एकाने जुनी रीत दाखवली. पहिल्या तारेवर नवव्या हुईचा हार्मोनिक आणि चौथ्या तारेवर सातव्या हुईचा, दोन्ही एकच लागले पाहिजेत. ट्यूनरप्रमाणे पहिली तार ६५.४१ हर्ट्झ, तिची तिप्पट १९६.२३. चौथी ९८, तिची दुप्पट १९६. फरक पाव हर्ट्झहूनही कमी. पण दोन्ही एकत्र वाजू दिले तर आवाज साधारण साडेचार सेकंदांना एकदा हळूच फुगतो आणि ओसरतो. याच त्या बीट्स. तानपुरा लावताना आपण हेच हेलकावे घालवत असतो. ट्यूनरची चूक नव्हती. त्याने सप्तकाचे बारा समान भाग केले होते, आणि समान भागांतला पंचम शुद्ध पंचमाहून किंचित उतरलेला असतो. हे समान भाग गणिताने काटेकोर काढून १५८४ मध्ये मांडणारा चू झाय-यू हा चीनच्याच मिंग घराण्यातला राजपुत्र. तरीही गुछिनवाले आजवर ठिपक्यांवरूनच तारा लावतात.

पूर्वी तारा रेशमाच्या असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन गुंडाळलेल्या पोलादी तारा आल्या आणि बहुतेकांनी त्या स्वीकारल्या. त्या ओलाव्याने हलत नाहीत, सहसा तुटत नाहीत आणि खूप वेळ वाजतात. रेशमावर मींड घेतली की स्वर विरून जातो आणि शेवटी बोटाचं खरखरणं तेवढं उरतं. जुने रसिक त्या खरखरीतही संगीत ऐकत. माझ्याकडे पोलादी तारा आहेत, पुण्याच्या पावसाळ्यात रेशमाशी झुंजायची हौस मला नाही.

स्वरलिपी वाचणं हा तर निराळाच छंद आहे. तिच्यातलं प्रत्येक चिन्ह कोणती तार, कोणतं बोट, कोणता ठिपका ते सांगतं, पण स्वर किती वेळ धरायचा ते सांगत नाही. १४२५च्या छापील संग्रहातली रचना वाजवायची तर लय तुम्हीच शोधायची. त्यावर लोक महिनोन्‌महिने घालवतात. ‘ल्यू श्वेई’मध्ये ग्वान पिंगहू यांनी पाण्याचा जो लोंढा उभा केला आहे, उजव्या हाताने तारांवर मागेपुढे फेर आणि डाव्याने सरकत्या मींडा, तो माझ्या आवाक्याबाहेर आहे. मी पहिल्या पानावरचे हार्मोनिक वाजवतो आणि थांबतो.

रात्री साडेअकराला जेवणाच्या टेबलावर वाद्य ठेवतो, खुंट्या कडेबाहेर लोंबत्या सोडून. शेजारच्या खोलीत बायको-मुलगी झोपलेल्या असतात, कुणी कूस बदलत नाही. परवा पहिली तार छेडली, ती विरली असं वाटून पुढच्या स्वराकडे हात नेला, तेवढ्यात फ्रिजचा कंप्रेसर बंद पडला. तार अजून वाजत होती.