वावरातलं पिवळं पान आणि तृतीय वर्षाचं प्रॅक्टिकल

ऑगस्टमध्ये बी.एस्सी.च्या तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी सोयाबीनची फांदी घेऊन प्रयोगशाळेत आला. "सर, बाबा म्हणते युरिया कमी पडला."

उत्तर न देता मी ती फांदी वर्गात फिरवली. नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. लोह कमी असलं, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते पिकाला बरेचदा मिळत नाही, तर कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. इथे कोवळ्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे विखुरले होते. पिवळ्या मोझॅकचा संशय आला. त्याचा विषाणू म्हणजे डीएनएची दोन वर्तुळं, प्रत्येकी सुमारे २,७०० अक्षरांची.

नेहमीचं प्रॅक्टिकल असं: रोगट पान खलात वाटायचं, निरोगी पानावर कार्बोरंडमची खरखरीत पूड भुरभुरायची आणि तो रस चोळायचा. ओरखड्यांतून विषाणू पेशीत शिरतो. तंबाखूच्या मोझॅकला हे जमतं. जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलेला रसही रोग पसरवतो, हे रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्कीने १८९२ मध्येच दाखवलं होतं. आमची सोयाबीनची रोपं मात्र तीन आठवडे हिरवीगार राहिली.

मुलं हिरमुसली. माझ्या मते वर्षातला सर्वांत मोलाचा तास तिथूनच सुरू झाला. हा विषाणू पानात खोलवर, अन्नरस वाहणाऱ्या पेशींत राहतो. वरचा ओरखडा तिथवर जात नाही, पांढऱ्या माशीची सोंड जाते. रसाबरोबर विषाणू माशीच्या आतड्यात, तिथून शरीरद्रवात आणि मग लाळेत उतरतो. याला काही तास लागतात. पण एकदा भिनला की माशी पुढे बरेच दिवस रोग पसरवते.

मग मच्छरदाणीच्या कापडाचे दोन पिंजरे शिवले. माश्या वांग्यावर वाढवल्या. वांग्याला हा रोग होत नाही, म्हणून त्या विषाणूमुक्त. निम्म्या माश्या दिवसभर रोगट सोयाबीनवर ठेवून पहिल्या पिंजऱ्यातल्या रोपांवर सोडल्या. "उरलेल्याही दुसऱ्या पिंजऱ्यात सोडू सर," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "नुसत्या चोखण्यानंच पान पिवळं पडत असंल तर?" नियंत्रित प्रयोगाची व्याख्या मला फळ्यावर लिहावीच लागली नाही. पंधरवड्यात पहिल्या पिंजऱ्यातली कोवळी पानं चट्ट्यांनी भरली, दुसऱ्यातली नाहीत.

भारतात सोयाबीनवर असे दोन जवळचे विषाणू आढळतात. आपल्याकडचा कोणता, हे डोळ्यांनी कळत नाही. डीएनए तपासावा लागतो. त्यासाठी नमुने हवेत, आणि ते आमच्या मुलांइतके सहज कोण आणणार? एसटीने रोज गावागावांतून येणारी ही मुलं आता पानाबरोबर पेरणीची तारीख, वाण आणि पानामागच्या माश्यांची संख्या लिहून आणतात. त्या विद्यार्थ्याच्या बाबांनी युरिया टाकला नाही; धुऱ्याकडची पिवळी झाडं उपटली आणि त्यातलंच एक झाड नमुना म्हणून पाठवलं.