ड्रिंक बार आणि नोमिहोदाई: जपानमधलं दोन तऱ्हांचं ‘हवं तेवढं प्या’

जपानमध्ये नवीन आलेलं मराठी कुटुंब गास्तोसारख्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये शिरतं, टॅब्लेटवर ‘ड्रिंक बार’ दिसतो आणि मुलं सोबत असली की आईवडील जरा दचकतात. दचकायचं काही कारण नाही, त्यात दारूचा थेंबही नसतो. हवी तेवढी दारू पिण्याची सोय वेगळी. तिला नोमिहोदाई म्हणतात आणि ती बहुतेक इझाकायात मिळते, म्हणजे ऑफिस सुटल्यावर लोक खात-पीत बसतात तिथे. एकदा पैसे मोजायचे आणि पाहिजे तितक्या वेळा पेला भरायचा, इथवर दोन्हींचं जमतं. पुढे हिशेब उलटा होतो. ड्रिंक बारमध्ये बसायचा वेळ जवळजवळ फुकट असतो, नोमिहोदाईत पैसे मोजायचे ते वेळेचेच.

ड्रिंक बार म्हणजे कोपऱ्यातली दोन-तीन यंत्रं. त्यांत कोला, ऊलाँग चहा, काल्पिस (दुधाळ, गोड-आंबट पेय) आणि तो हिरवागार मेलन सोडा, ज्यावर मुलं तुटून पडतात. शेजारी कॉफीचं मशीन, टी-बॅगा, बर्फ. ऑर्डर दिली की उठून आपलं आपण घ्यायचं. साइझेरिया या इटालियन धाटणीच्या स्वस्त साखळीत जेवणासोबत घेतला तर 200 येन, नुसता घेतला तर 300. नियम आपल्या अमर्याद थाळीचाच: ज्याच्या नावानं घेतली त्यानंच खायची. पण ज्यानं ड्रिंक बार घेतलेला नाही तोही बहुतेक ठिकाणी त्याच कोपऱ्यातून पिण्याचं पाणी घेऊ शकतो, तेही फुकट. कोण काय भरतोय यावर कोणाची पाळत नसते. नवऱ्याच्या पेल्यातून बायकोनं घोट घेतला तर कोणी धावून येणार नाही, पण तसं करू नये एवढं इथे गृहीतच असतं.

ही पद्धत काही औदार्यातून आलेली नाही. स्कायलार्क या कंपनीचं पहिलं फॅमिली रेस्टॉरंट टोकियोच्या पश्चिमेला 1970 साली उघडलं, तेव्हा कुटुंबानं गाडीतून जाऊन हॅम्बर्ग स्टेक, म्हणजे खिम्याची जाड टिक्की, खाणं ही चैन होती. पुढे जमिनी-शेअरांच्या भाववाढीचा फुगा फुटला, खिसे आखडले. 1992 मध्ये याच कंपनीनं गास्तो हा स्वस्त अवतार काढला. किमती उतरवायच्या तर माणसं कमी लागली पाहिजेत, म्हणून टेबलावर बोलावण्याची घंटी आली आणि पेय ओतायचं काम गिऱ्हाइकाकडे गेलं. गिऱ्हाईक त्यावर खूश झालं, ही मोठी मौज. स्वस्त भावंडं इतकी वाढली की स्कायलार्क या नावाचं शेवटचं रेस्टॉरंट 2009 मध्ये बंद झालं. आता गास्तोत ताटंही मांजराच्या चेहऱ्याचा रोबो आणतो.

स्वस्त पेल्याच्या आधारावर विद्यार्थी तासन्‌तास अभ्यास करत बसतात, आज्या गप्पा मारतात. म्हणूनच काही शाखांमध्ये गर्दीच्या वेळी अभ्यास करू नका अशा पाट्या लागतात. पाटी नसेल तर निवांत बसावं.

नोमिहोदाईत निवांत बसणं नाही. सहसा दीड किंवा दोन तास, आणि वेळ संपण्याच्या अर्धा तास आधी शेवटची ऑर्डर. आधीचा पेला रिकामा करून दिल्याशिवाय पुढचा मिळत नाही, हा नियमही बऱ्याच ठिकाणी असतो. सगळ्यात स्वस्त पर्यायात खरी बियर नसून बियरसारखं काहीतरी असू शकतं, तेव्हा यादी आधी वाचावी. शिवाय बसताच न मागितलेली एक वाटी समोर येते: ओतोशी. ती भेट नव्हे, बिलात माणशी तीन-चारशे येन लागतात. तिच्यात मासळी असण्याची शक्यताही भरपूर, म्हणजे शाकाहारी माणूस न खाताच पैसे देतो.

खरी गोम पुढे आहे. नोमिहोदाई बहुधा टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यावी लागते. डिसेंबरातल्या बोनेंकाईला, म्हणजे वर्षअखेरच्या ऑफिसच्या पार्टीला, कांजी म्हणजे आयोजक जेवणासकट पॅकेज ठरवतो आणि बिल वारिकाननं, समान वाटून, फेडतात. निशी-कसाईत, म्हणजे टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीत, राहणारा आपला आयटीवाला तिथे संत्र्याचा रस आणि एदामामेच्या, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या, शेंगांवर संध्याकाळ काढतो आणि साके ही तांदळाची दारू पिणाऱ्याइतकेच पैसे देतो. काही ठिकाणी न पिणाऱ्यांसाठी स्वस्त नोमिहोदाई असते. ती हवी असेल तर कांजीच्या कानावर आधीच घालावं, बिल आल्यावर कुरकुर करणं शोभत नाही.

दोन्हींमधली भिंत अलीकडे पातळ झाली आहे. साइझेरियात वाइनचा ग्लास 100 येनला मिळतो आणि ओतोशीचा पत्ता नाही, म्हणून पिणारेही मुद्दाम तिथेच जातात. शेजारच्या टेबलावर लहान मूल ‘फरक ओळखा’चं कोडं सोडवत असतं आणि इकडे वाइनची सुरई रिकामी होत असते. माझ्या मते थोडीशीच घ्यायची असेल तर हाच शहाणा सौदा. मात्र ही वाइन ड्रिंक बारमध्ये धरलेली नसते, तिचे पैसे वेगळे.

फॅमिली रेस्टॉरंटं बरीचशी हमरस्त्यावर, प्रशस्त पार्किंगसह असतात, इझाकाया स्टेशनजवळ. हा योगायोग नाही. पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर त्याला दारू देणारा आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाराही 2007 पासून शिक्षेला पात्र आहे. स्टेशनाबाहेर सायकल लावून आला असाल तरी सुटका नाही: नोव्हेंबर 2024 पासून पिऊन सायकल चालवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.