सर्दी फुप्फुसाच्या खोलवर सहसा का उतरत नाही?

खानापूर-जांबोटीकडे भाताची लावणी सुरू होऊन बेळगावात पावसाची झड बसली, की औषधांच्या दुकानांत ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात. पडसे होणे म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणे, ही समजूत त्यांच्या खपामागे आहे. वस्तुतः वाहणारे नाक, सुजलेला घसा आणि खोकला हा त्रास बराचसा आपल्या प्रतिकारयंत्रणेच्याच कामातून उद्भवतो. तिला सरसकट ‘वाढवणारे’ औषध खरोखर मिळाले, तर पडसे कदाचित अधिकच छळेल.

सर्दीचे सर्वांत नेहमीचे कारण असलेल्या ऱ्हायनोव्हायरसचे १६० हून अधिक प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) दुसऱ्यावर फारशी चालत नाहीत. शिवाय नव्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे पुरेशी तयार होईपर्यंत सर्दी बहुधा ओसरलेली असते. म्हणून पहिल्या काही तासांत आणि दिवसांत, ज्या पेशीत विषाणू शिरला ती पेशी स्वतः काय करते, याला फार महत्त्व आहे.

या विषाणूचा जनुकीय मजकूर आरएनएच्या एकेरी धाग्यावर असतो. त्याची नक्कल काढताना त्याला पूरक धागा बनवावा लागतो, आणि त्या काळात पेशीद्रवात लांब दुहेरी आरएनए दिसू लागतो. निरोगी पेशीच्या पेशीद्रवात असा लांब दुहेरी धागा एरवी जवळजवळ नसतोच. एमडीए-५ नावाचे प्रथिन त्याला ओळखून चिकटते, तो संदेश तंतुकणिकांच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांच्या) आवरणावरील एमएव्हीएस या प्रथिनामार्फत केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते. लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी १९५७ साली शोधलेले हे द्रव्य विषाणूला स्वतः मारत नाही. ते शेजारच्या पेशींत दवंडी पिटते. ती ऐकून त्या पेशींतील शेकडो जनुके जागी होतात. त्यांतून बनणारी काही प्रथिने आरएनए कापण्याची, तर पीकेआरसारखी काही प्रथिननिर्मिती थांबवण्याची तयारी करतात. मात्र पीकेआर दुहेरी आरएनए दिसेपर्यंत निष्क्रिय राहते, त्यामुळे विषाणू न शिरलेल्या पेशीचे नित्याचे काम बंद पडत नाही. इतकी काटकसरीची योजना निसर्गातही विरळाच असेल.

नाकात तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस, तर फुप्फुसाच्या खोल भागात ३७ असते. येल विद्यापीठातील फॉक्समन, इवासाकी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये उंदरांच्या श्वासमार्गातील पेशींवर दाखवले, की ही इशारायंत्रणा ३७ अंशांना लक्षणीय जोमाने चालते, आणि ती निकामी केली तर विषाणू त्या तापमानालाही चांगला वाढतो. म्हणूनच सर्दी फुप्फुसाच्या खोलवर सहसा उतरत नसावी. पावसात भिजले की सर्दी होते असे म्हणतात, पण भिजल्याने विषाणू निर्माण होत नाही. गार हवेने नाकातील इशारा मंदावत असावा, इतपतच त्या जुन्या समजुतीत तथ्य असू शकते.

याचा अर्थ श्वासनलिका सुरक्षित असतात असा मात्र नाही. वरच्या, तुलनेने थंड श्वासनलिकांत विषाणू वाढतो, आणि दम्याच्या काही रुग्णांत इंटरफेरॉन कमी किंवा उशिरा तयार होत असल्याचे आढळले आहे. अशा वेळी दाह वाढतो, श्लेष्मा साचतो आणि आधीच हळव्या असलेल्या नलिका आवळतात. मुलांमधील दम्याच्या झटक्यांमागे ऱ्हायनोव्हायरस वारंवार सापडतो, तो यामुळेही. बेडका हिरवट झाला म्हणून अँटिबायोटिक मागणे चुकीचे आहे, कारण तो रंग पांढऱ्या पेशींतील एका विकराचा (एन्झाइमचा) असतो. परंतु मुलाची छाती घरघरू लागली किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर कषाय उकळत न बसता त्याला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.